नऊ मिलिमीटर

सोनोग्राफी सेंटरमधली माणसं तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे मिलिमीटरबाई. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि मनातून ते तिला आवडलंही होतं, पण तसं तिने कधी कबूल केलं नाही. लोकांच्या पोटातल्या नळ्या मोजणं हे तिचं काम, आणि त्या मोजण्यात ती भल्याभल्यांचं ऐकत नसे. त्यातही पित्तनलिका, म्हणजे यकृतातून आतड्यापर्यंत पित्त नेणारी नळी, हा तिचा खास हट्टाचा विषय. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच मोजायचं, भिंत धरायची नाही. शेजारची रक्तवाहिनी चुकून मोजली जाऊ नये म्हणून पडद्यावर रंग लावून बघायचं, रक्त वाहत असेल तर रंग भरतो, पित्त असेल तर भरत नाही. मोठ्या माणसात सहा मिलिमीटरपर्यंत ठीक. साठीनंतर दर दहा वर्षांमागे एकेक मिलिमीटर सूट. आणि ऑपरेशन करून पित्ताशय काढलेलं असेल तर दहापर्यंतही कुरकुर करायची नाही, कारण पित्त साठवायची पिशवीच गेली की नळी थोडी सैलावते. नवे डॉक्टर शिकायला आले की ती हे सगळं त्यांच्या डोक्यात असं बसवी की ते झोपेतही आकडे बडबडत असावेत.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने स्वतःच्या वहिनीची सोनोग्राफी केली.

वहिनी अठ्ठावन्न वर्षांची. लग्न होऊन घरात आली तेव्हा ही नणंद जेमतेम पाच वर्षांची, घरातलं शेंडेफळ. वेणी घालण्यापासून गणिताच्या पाढ्यांपर्यंत सगळं वहिनीने केलं. दादा-वहिनीला मूल झालं नाही, त्यामुळे लाडाला वाटेकरी कोणी आलाच नाही. चाळिशी ओलांडली, नावामागे डॉक्टर लागलं, तरी वहिनीच्या तोंडी ती अजून ‘चिमणे’च होती.

गेले दोन महिने वहिनीचं अन्नावरून मन उडालं होतं. वजन घटलं होतं. तळहातांना आणि तळपायांना खाज येत होती. "साबण बदल," असं चिमणीने फोनवर सांगून टाकलं होतं. आता वहिनी दादाला सोबत घेऊन आपल्या बहिणीकडे निघाली होती, बहिणीचं कंबरेचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी सहाची बस, आणि पुढे दोन महिने मुक्काम अशा गावात, जिथे दवाखाना म्हणजे एक कंपाउंडर आणि एक कुलूप. म्हणून जाण्याआधी एकदा पोट बघून घे, असं दादानेच म्हटलं होतं.

आदल्या दिवशी वहिनीने फोनवर विचारलं होतं, "उपाशी यायचं का गं?"

"तुझं पित्ताशय कुठे आहे आता? कशाला उपाशी राहतेस! दूध, चहा, काय घ्यायचं ते घेऊन ये."

वहिनीचं चोवीस वर्षांपूर्वी खड्यांचं ऑपरेशन झालेलं. घरात सगळ्यांना ठाऊक. चिमणी तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि पुढे डॉक्टर झाल्यावर कितीदा तरी तिनेच वहिनीच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: पित्ताशय काढले आहे.

घरच्या माणसाची तपासणी नेहमी घाईची होते. बाहेर बारा जण उपाशीपोटी ताटकळत बसलेले, त्यांना चुकवून वहिनीला मधे घेतलेलं, त्याची लाज वेगळी. मिलिमीटरबाईंनी जेली लावली, बरगडीखाली यंत्राचा दांडा फिरवला. यकृत ठीक. पित्ताशयाच्या जागेकडे तिने नजरही टाकली नाही, जे नाहीच ते शोधायचं कशाला? पित्तनलिका भरली नऊ मिलिमीटर. नळीचं खालचं टोक गॅसमुळे दिसत नव्हतं. एरवी तिने पेशंटला कुशीवर वळवलं असतं, पेलाभर पाणी पाजलं असतं, पंधरा मिनिटं थांबवलं असतं. वहिनीला तिने टॉवेल दिला.

"नऊ आहे. ऑपरेशननंतर चालतं. मजेत जा."

"बघ, उगाच घाबरवत होते तुझे दादा," वहिनी म्हणाली आणि पोट पुसून उठली. टायपिस्टकाकांनी रिपोर्ट टाइप केला, बाईंनी सही ठोकली, वहिनी गेली.

साडेतीनला एक बस कंडक्टर आला. आडवा झाल्या झाल्या त्याने शर्ट वर केला आणि स्वतःच माहिती द्यायला लागला. "मॅडम, आमचं पित्ताशय गेलं बरं का. सात वर्षं झाली. चार भोकं पाडली आणि एका भोकातून काढलं, तिकिटासारखं."

बाई हसल्या. जेली लावताना बोटं आपसूक त्या खुणांवरून गेली. एक बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या बाजूला. फिक्या पडलेल्या, पण चारही आपापल्या जागी. त्याची पित्तनलिका आठ भरली आणि बाईंनी नेहमीप्रमाणे "ठीक आहे" म्हटलं. कंडक्टर गेला. टॉवेल उचलताना त्यांचा हात थांबला.

वहिनीच्या पोटावर एकही खूण नव्हती.

त्यांनी आठवून पाहिलं. सकाळी जेली त्यांनीच लावली होती. बेंबी स्वच्छ. छातीखाली स्वच्छ. उजव्या बरगडीखाली, जिथे जुन्या पद्धतीचा लांब चिरा असतो, तिथेही काही नाही. वीतभर गोरं, सैल पडलेलं पोट, आणि बस. चोवीस वर्षांत खुणा पुसट होतात हे खरं. पण पुसट होणं वेगळं आणि मुळात नसणं वेगळं, आणि हे मिलिमीटरबाईला कोणी शिकवायला नको होतं.

त्यांनी सकाळची साठवलेली चित्रं पडद्यावर काढली. एकेक करत सहा चित्रं. पित्ताशयाच्या जागेचं एकही नाही. काढलंच नव्हतं. वहिनी तर दूध घातलेला चहा पिऊन आणि बिस्किटं खाऊन आली होती, तीही यांच्याच सांगण्यावरून. खाल्ल्यावर पित्ताशय आकसून एवढंसं होतं. न शोधता कोणाला दिसणार होतं ते?

आणि पित्ताशय जागेवर असेल, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी नऊ मिलिमीटर ठीक नव्हते. मुळीच नव्हते. म्हणजे खाली कुठेतरी नळी अडली होती. पित्त अडलं की सुटते ती खाज, घटलेलं वजन, उडालेली भूक, सगळं ओळीने समोर येऊन उभं राहिलं. साबण बदल म्हणे! बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यांनी दादाला फोन लावला. बंद. प्रवासात बॅटरी संपू नये म्हणून दादा निघायच्या दिवशी दुपारपासूनच फोन बंद करून ठेवत असे. दहा वर्षांपूर्वी कधीतरी त्याचा फोन वाटेत मेला होता, तेव्हापासून हा शहाणपणा. वहिनीचा फोन वाजत राहिला. तो बहुधा बॅगेच्या तळाशी, स्वेटरच्या घडीत गेला असणार.

"मॅडम, पुढचा पेशंट घेऊ?" टायपिस्टकाकांनी दारातून विचारलं.

"घ्या."

त्यांनी पुढचा पेशंट तपासला. एका मूत्रपिंडाचं माप तीनदा घेतलं आणि तीनही वेळा काय आलं ते विसरल्या. त्याच्या पुढचाही तपासला. मधेच खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा फोन लावला. मनाची एक बाजू म्हणत होती, खुणा असतील गं, तूच नीट पाहिलं नसशील, वहिनी कशाला खोटं सांगेल? दुसरी बाजू घड्याळाकडे बघत होती. साडेचार. पावणेपाच. बाहेर अजून पाच जण होते. त्यातल्या एका आजीबाईंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि त्या हे दर दहा मिनिटांनी सगळ्यांना सांगत होत्या.

पाचला बाईंनी हातमोजे काढून टाकले. "काका, सगळ्यांना उद्या पहिला नंबर द्या. आजीबाईंना चहा पाजा. आणि मशीन बंद करू नका."

"झालं काय मॅडम?"

"सकाळी मी चुकीचा रिपोर्ट दिलाय."

काका चौदा वर्षं त्यांचे रिपोर्ट टाइप करत होते. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते बाजूला सरकले.

रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती. टॅक्सी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, ड्रायव्हर मजेत शीळ घालत होता आणि बाईंना त्याचा गळा दाबावासा वाटत होता. शेवटच्या चौकात त्या उतरल्या आणि चालायला लागल्या, मग पळायला लागल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी, पांढरा कोट अंगात तसाच. बसस्टँडवर लोक वळून बघायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कोट काढायचा राहिलाय.

बस लागलेली होती. इंजिन सुरू होतं. त्या आत चढल्या. तिसऱ्या रांगेत खिडकीशी दादा, त्याच्या शेजारी मांडीवर डबा घेऊन वहिनी.

"अगं चिमणे, पोचवायला आलीस? एवढी धापा टाकत?"

"खाली उतर."

"का?"

"वहिनी, तुझ्या पोटावर ऑपरेशनच्या खुणा का नाहीत?"

हे तिने जरा मोठ्यानेच विचारलं. पुढच्या सीटवरच्या बाईने मान वळवली, मागच्या माणसाने कानातला इअरफोन काढला. वहिनीचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग लालबुंद.

"बसमध्ये विचारायची गोष्ट आहे का ही?"

"म्हणून म्हणते खाली उतर."

"अगं, पुसल्या गेल्या असतील. चोवीस वर्षं झाली. तू जा बघू, पेशंट खोळंबले असतील."

"वहिनी, माझ्याकडे बघ. पित्ताशय काढलंय की नाही?"

"काढलंय म्हटलं ना!"

चिमणीने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत आणि तिच्यावर वेळापत्रक. साठ वर्षांचा माणूस ते वेळापत्रक पाठ करायचं असल्यासारखा वाचत होता.

"दादा."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. दादाने हळूच वहिनीच्या मांडीवरचा डबा उचलून स्वतःकडे घेतला.

"उतर गं," तो म्हणाला. "सांग तिला. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आता कोणापासून लपवतेस?"

वहिनी हलली नाही. मग तिने आजूबाजूला माना वळवून बसलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि त्यांच्यासमोर तमाशा नको म्हणून असेल, उठली. बॅगा काढेपर्यंत कंडक्टरने दोनदा घंटी मारली. तिघंही फलाटावर उभी राहिली आणि बस त्यांच्यासमोरून निघून गेली.

वहिनीने जे सांगितलं ते बसस्टँडच्या बाकावर, दोन बॅगांच्या मधे बसून सांगितलं. चोवीस वर्षांपूर्वी खडे नव्हतेच. गर्भाशयात गाठी होत्या. महिना महिना रक्तस्राव व्हायचा, अंगात त्राण उरलं नव्हतं. गर्भाशय काढावं लागलं. चिरा खाली, ओटीपोटावर, आजही तिथेच आहे, पण सकाळी टॉवेल तिथपर्यंत सरकलाच नाही. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नाही, आणि सासूबाई तेव्हा उघड बोलायला लागल्या होत्या की मुलाचं दुसरं लग्न करून द्यावं. गर्भाशय गेल्याचं कळलं असतं तर त्या दुसऱ्याच दिवशी मुलगी बघायला निघाल्या असत्या. म्हणून दादानेच शोधून काढलं: खड्यांचं ऑपरेशन. ऑपरेशन माहेरच्या गावी झालं, तीन आठवडे विश्रांती तिथेच, कोणी खुणा बघायला आलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" चिमणीने विचारलं. हे विचारताना तिचा आवाज सतरा वर्षांचा झाला होता.

"तुला? तुझ्या पोटात तीळ भिजत नव्हता. वर्गात कोणाला किती मार्क पडले ते तू दारातून ओरडत यायचीस. आईंच्या कानावर संध्याकाळपर्यंत गेलं असतं."

"पण नंतर? मी डॉक्टर झाल्यावर?"

वहिनीने पदरानं नाही, हातानेच कपाळ पुसलं. "नंतर ते इतकं खरं झालं गं, की मलाच आठवायचं नाही. कोणी विचारलं की तोंडातून आपोआप यायचं. तू माझ्या फॉर्मवर लिहायचीस ना, तेव्हा वाटायचं, डॉक्टरने लिहिलंय म्हणजे असेलही."

दादा कसंनुसं हसला. चिमणीला हसू आलं नाही. तिला राग आला होता, वहिनीचा, दादाचा, मेलेल्या आईचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. छत्तीस वर्षं ज्या बाईच्या कुशीत ती डोकं खुपसत आली, तिच्या अंगावर काय गेलं होतं याचा तिला पत्ताच नव्हता.

"तू सांगितलंस आणि मी मानलं," ती म्हणाली. "माझं काम मानायचं नाही, बघायचं आहे. ऊठ. सकाळनंतर काय खाल्लंस?"

"काही नाही. प्रवासात उलटी होते म्हणून मी खातच नाही, माहितीये तुला."

"ते बरं केलंस."

सेंटरमध्ये टायपिस्टकाका एकटेच बसले होते. मशीन सुरू होतं. दादा बाहेर बॅगांशेजारी बसला आणि वहिनी पुन्हा त्याच टेबलावर आडवी झाली. या वेळी चिमणीने काहीही गृहीत धरलं नाही. टॉवेल खाली सरकवला, ओटीपोटावरचा तो आडवा, पांढुरका चिरा पाहिला, त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग बरगडीखाली दांडा टेकवला.

पित्ताशय तिथेच होतं. फुगलेलं, नाशपातीएवढं, भरलेलं. आत एकही खडा नाही. शोधायचीही गरज नव्हती, पडद्यावर समोरच आलं.

पित्तनलिका. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. रंग लावून खात्री केली. नऊ. पुन्हा मोजली. नऊ.

"सकाळी किती होती?" वहिनीने छताकडे बघत विचारलं.

"नऊच."

"मग तेवढीच आहे की."

"तेवढीच आहे. पण सकाळी मी तिला माफ केलं होतं."

तिने वहिनीला पाणी पाजलं, दोन पेले, आणि पंधरा मिनिटं थांबली. पंधरा मिनिटं तिला बसवेना. ती खोलीत येरझारा घालत राहिली, पडदा सरळ केला, जेलीच्या बाटल्या एका रांगेत लावल्या, परत विस्कटल्या. वहिनीने एकदा "बस की गं घडीभर" म्हटलं, मग तिनेही नाद सोडला. मग कुशीवर वळवून चिमणी नळीच्या मागोमाग खाली गेली, हळूहळू, श्वास रोखायला सांगत, सोडायला सांगत. गॅस बाजूला झाला होता. नळी खाली खाली आली आणि स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी अचानक थांबली. तिथे एक काळसर डाग होता. खडा पांढरा चमकतो आणि मागे सावली पाडतो. हा चमकत नव्हता, सावली पाडत नव्हता. गाठ होती. चौदा मिलिमीटर.

तिने चित्र थांबवलं. रोज परक्यांच्या पोटात ती हे बघत असे आणि शांतपणे पुढचं माप घेत असे. आज पुढचं माप तिला घेता येईना.

वहिनीने मान वळवली. पडद्यावरचं तिला काही कळत नव्हतं, पण चिमणी पाच वर्षांची असल्यापासून तिचा चेहरा ती वाचत आली होती.

"वाईट आहे?"

"लहान आहे अजून. उद्या सकाळी आठला सीटी स्कॅन करू. सर्जन माझ्या ओळखीचा आहे, आत्ताच फोन करते. लवकर सापडलं तर काढता येतं."

"लवकर सापडलंय?"

"माहीत नाही," चिमणी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिने वहिनीच्या जेलीने बरबटलेल्या पोटावर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडली. वहिनीचा हात तिच्या केसांतून फिरत राहिला. बऱ्याच वेळाने तो हात थांबला.

"ऐक चिमणे. ह्यांना सांग, खडे आहेत म्हणून."

चिमणीने डोकं वर केलं.

"त्यांचं काळीज एवढंसं आहे. स्कॅन होऊ दे, काय ते ठरू दे, मग बघू. तोवर खडे म्हण. खडे म्हटलं की माणसं घाबरत नाहीत, मी अनुभवलंय."

चिमणीने कोटाच्या बाहीने गाल पुसला. वहिनी तिच्याकडे आशेने बघत होती, चोवीस वर्षांपूर्वी दादाकडे बघितलं असेल तशीच. तिचं म्हणणं ऐकायची सवय चिमणीच्या हाडीमाशी मुरलेली होती.

तिने दार उघडलं.

"दादा, आत ये. खुर्ची ओढ."

दादा आला. त्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. खुर्चीवर न बसता त्याने वहिनीचा हात धरला.

"खडे आहेत का गं, चिमे?" त्याने विचारलं. कधी नव्हे ते त्याला मनापासून हवे होते ते.

"नाहीत, दादा," ती म्हणाली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.